दहा आकडे मोजायचे

सातारा, ९ जुलै

प्रिय मंजू,

परवा फोनवर तू विचारलंस, "दिवसभर त्या मुलांशी बोलतेस तरी काय?" मी हसून टाळलं. खरं सांगू? पहिले सहा महिने मी नुसती बोलतच सुटले होते, आणि तेच चुकत होतं.

आमच्या वर्गात डाउन सिंड्रोमची (हा जन्मतःच असतो, शिकणं-बोलणं सावकाश होतं) चार मुलं. त्यातला एक बाळू (नाव बदललंय गं). डब्याच्या वेळी मी म्हणायचे, "चल बाळू, हात धू, डबा काढ, चटई पण आण हं, पटापट!" तो ढिम्म. मी पुन्हा तेच, आवाज चढवून. शेवटी दंड धरून नळावर न्यायचे आणि सगळ्यांना सांगायचे, भारी हट्टी आहे.

हट्टी कसला! या मुलांना बोलता येतं त्यापेक्षा समजतं बरंच जास्त. पण नुसतं ऐकलेलं लांबलचक वाक्य डोक्यात टिकत नाही, पाहिलेलं टिकतं. आमच्या बाई म्हणाल्या, एका वेळी एकच गोष्ट सांग, हाताने खूण कर, मग मनात दहा मोज. तोंड बंद! माझं तोंड तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर उकिडवी बसले, "हात धू" म्हटलं, हात चोळून दाखवले. सात... आठ... आणि स्वारी निघाली नळाकडे. मधेच पुन्हा बोलले असते, तर बिचाऱ्याला पहिल्यापासून सुरुवात.

एका मुलीला तर "लक्षच देत नाही" म्हणून आम्ही महिनाभर बोल लावले. तपासलं तर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेलं. या मुलांत हे फार आढळतं. अजून लाज वाटते.

२१ मार्चला (एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती, म्हणून २१/३ हा त्यांचा जागतिक दिवस) पाहुणे आले होते. बारा वर्षांच्या बाळूला "अले अले" करत होते. त्याने तोंडच फिरवलं. बरं केलं.

त्याचे शब्द अर्धेच निघतात. पाणी, पापड, पाऊस, सगळ्यांना "पा". आधी मी कळल्यासारखी मान हलवायचे. ते त्याला लगेच कळायचं, मग चिडायचा. आता सरळ म्हणते, "नाही कळलं रे, दाखव." काल "पा, पा" करत पदर ओढत होता. पाण्याची बाटली दिली, ढकलली. "दाखव," म्हटलं. त्याने दोन्ही हात वर नेले आणि बोटं नाचवत खाली आणली.

अंगणात चटया वाळत घातल्या होत्या. दोघं धावलो. दोन भिजल्याच.

तुझी,
वैजू