सूचना : रविवारी सह्यांची बैठक, लिटल सायगॉन (व्हिएतनामी बाजारपेठेचा भाग), सॅन होजे

सर्व सभासदांना नमस्कार,

स्टोरी रोडवर व्यवसाय सुधारणा क्षेत्र (जिथे मालमत्तांचे मालक जादा आकारणी भरतात आणि त्यातून त्याच भागात सफाईसारखी कामं होतात) स्थापन करण्याच्या अर्जावर सह्या घ्यायच्या आहेत. बैठक येत्या रविवारी सकाळी 10 वाजता, नेहमीच्या हॉलमध्ये. मालकांनी स्वतः यावं. भाडेकरू दुकानदारांनीही जरूर यावं. सही मालकाची असली तरी आकारणीचा बोजा बऱ्याचदा भाड्यातून तुमच्यावरच येतो.

कॅलिफोर्नियाच्या 1994 च्या कायद्यानुसार एकूण आकारणीतला 50 टक्क्यांहून जास्त वाटा भरणाऱ्या मालकांच्या सह्या लागतात. त्यानंतर टपालाने मतपत्रिका येतात आणि किमान 45 दिवसांनी जाहीर सुनावणी होते. मोजणी आकारणीच्या रकमेनुसार होते आणि परत आलेल्याच मतपत्रिका धरतात. ते पाकीट कृपा करून जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकू नका!

येताना आणा:
- मालमत्ता कराचं बिल (पार्सल नंबर, म्हणजे जागेचा सरकारी क्रमांक, त्यावर असतो)
- मालमत्ता कंपनीच्या किंवा ट्रस्टच्या नावावर असल्यास सहीच्या अधिकाराचा कागद

जमलेला पैसा याच हद्दीत खर्च होईल. फ्यच्या (व्हिएतनामी नूडल सूपच्या) दुकानांमागे पहाटे साचलेलं तेलकट पाणी रोज ओलांडणाऱ्यांना त्याची गरज वेगळी सांगायला नको.

कागद व्हिएतनामी भाषेतही ठेवले आहेत. गाळा आजी-आजोबांच्या नावावर असेल तर त्यांना सगळं वाचून दाखवा, घाईने सही घेऊ नका. लोकांना न जुमानता ठरवलं की काय होतं बघा: 2007-08 मध्ये या भागासाठी ‘लिटल सायगॉन’ हे नाव शहर परिषदेने डावललं तेव्हा किती माणसं रस्त्यावर उतरली होती, ते आपल्याला ठाऊक आहे.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.