पुरवणीत फक्त पुष्पवृष्टी

महोदय,

आमच्या दारव्हा तालुक्यात पेपर सकाळच्या एसटीने येतो आणि चहाच्या टपरीवर दुपारपर्यंत चुरगळून जातो. २०२४ च्या विधानसभेचा प्रचार चालू होता तेव्हा रोज तो उघडला की जिल्ह्याच्या पानावर तेच: 'झंझावाती दौरा', 'उत्स्फूर्त प्रतिसाद', जेसीबीवरून पुष्पवृष्टी. एकदा तर दोन विरोधी उमेदवारांच्या बातम्यांत 'विजय निश्चित' हे शब्द शेजारी-शेजारी छापले होते. टपरीवाला म्हणाला, "दोघंही निवडून येतात का काय?"

त्याच दिवसांत सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता. बाजारात मात्र चार हजारांच्या आसपास भाव सांगून, ओलावा बारा टक्क्यांच्या वर आहे म्हणून त्यातही कापत होते. माझा स्वतःचा माल दोन दिवस ताडपत्रीखाली पडून होता. यावर कोणत्या उमेदवाराचे म्हणणे काय, हे कोणी विचारलेच नाही. उमेदवारांची शपथपत्रे आयोगाच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुली असतात. मालमत्ता, कर्ज, गुन्हे सगळे त्यात लिहिलेले असते. ते वाचून चार ओळी लिहायला कितीसा वेळ लागतो? गुन्ह्यांची माहिती दिसली ती जाहिरातीत, मुंगीएवढ्या अक्षरांत.

गावोगावचे वार्ताहरच जाहिरातीही गोळा करतात, हे आम्हाला ठाऊक आहे. त्या बिचाऱ्यांचा दोष कमीच. पण पुढच्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराला सोयाबीन-कापसाबद्दल एकच प्रश्न विचारा आणि उत्तरे शेजारी-शेजारी छापा. पैसे देऊन घेतलेल्या मजकुरावर 'जाहिरात' असे ठळक लिहा.

- एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ