हौशी खेळाडूंचे डावही छापा की!

संपादक महोदय,

२०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये (बरोबरीनंतरच्या जलद डावांत) हरवून बुद्धिबळाचा महिला वर्ल्डकप जिंकला तेव्हा पेपरात पानंच्या पानं आली, यायलाच हवीत. पण आमच्या गावच्या स्पर्धेचं काय? फक्त निकाल, तोही चार ओळीत.

परवा तिथे एक डाव बघितला, एक रिटायर्ड काका विरुद्ध शाळकरी मुलगी, दोघांनाही रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचा अधिकृत आकडा) नाही. काकांकडे एक उंट आणि कडेच्या पट्टीतलं प्यादं जास्त, म्हणजे जिंकलेच असं आजूबाजूचे सगळे धरून चाललेले, पण प्यादं वजीर होणार ते घर काळं आणि उंट पांढऱ्या घरातला, म्हणजे त्या घरावर त्याचा मारा कधी पोचणारच नाही! पोरीने राजा नेऊन त्याच कोपऱ्यात बसवला आणि तिथल्या तिथेच मागेपुढे करत राहिली, काकांनी बरंच ढकलून बघितलं, प्यादं पुढे सरकलं की राजा कोंडून (शह नाही, पण हलायला घरही नाही) डाव बरोबरीत. मग घड्याळ थांबवून हात मिळवला, चेहरा मात्र बघण्यासारखा होता (दोघांचाही).

ग्रँडमास्टर असा शेवट सहसा खेळत नाहीत, आधीच हात मिळवतात, त्यामुळे नवीन पोरांना तो बघायला मिळत नाही. रविवारच्या पुरवणीत राशिभविष्याशेजारी असा एक डाव आकृतीसकट द्या ना.

– एक वाचक, सांगली