आप्पा, माझ्यासाठी जयूचं लग्न थांबवू नका

ग्लासगो,
८ फेब्रुवारी

तीर्थरूप आप्पा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार. आजीला दंडवत.

मी खुशाल आहे. थंडी आहे, पण खोली उबदार आहे. कळण्याचं पीठ अजून पुरतंय, तेव्हा आईने दुसऱ्या पार्सलची घाई करू नये. फोनवर आप्पा "बरं आहे ना? मग झालं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई जेवणाखेरीज काही विचारत नाही. म्हणून हे पत्र.

आधी आप्पांचा प्रश्न. शहाद्याच्या बाजारात लोक विचारतात, पोरगी गुरांची डॉक्टर होणार का? नाही, ते शिक्षण वेगळं. प्राणी कसा घडला, काय खातो, कोणाच्या तोंडी पडतो, पिढ्यान्‌पिढ्या कसा बदलत जातो, हे आमच्या प्राणिशास्त्रात शिकवतात. इथे पदवी चार वर्षांची असते. सुरुवातीला बाकीचं जीवशास्त्रही होतं, आता तिसऱ्या वर्षी नुसते प्राणी. याचा उपयोग काय असं कोणी म्हटलंच, तर त्याला कपाशीचं बोंड फोडून आतली गुलाबी अळी दाखवा.

अळीला मारणारं विष झाडातच असलेल्या बीटी कपाशीच्या पाकिटात साध्या कपाशीच्या बियाण्याची १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची, आठवते? ती कशासाठी हे दुकानदाराने कधी धड सांगितलं नाही, म्हणून आपल्याकडे बहुतेकांनी ती लावलीच नाही. बीटीचं विष पचवणारी अळी लाखांत एखादी निघते. तिच्या पतंगाला तसाच जोडीदार मिळाला, तर पुढची सगळी पिढी विष पचवणारी होते. शेताच्या कडेने साधी कपाशी असली, की तिच्यावर विष न सोसणाऱ्या अळ्या वाढतात. त्यांचे पतंग या तगलेल्यांशी जुगले, की पोटच्या अळ्या बीटीवर मरतात. पुडी बांधावर पडून राहिली आणि २०१७ ला गुलाबी अळीने कपाशीचं काय केलं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. वर्गात हे शिकवत होते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपलं नदीकडचं वावर होतं. आप्पा, यंदा वेचणी झाल्यावर तीच कपाशी पुढे राखून फरदड ठेवू नका. ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते, फरदड म्हणजे तिची पुढच्या हंगामापर्यंतची सोय. पऱ्हाट्याही बांधाला रचून ठेवू नका.

आजीने जयूकडून विचारवलं की मी बेडूक कापते का. नाही कापत. मासा उघडून पाहिला, तो आधीच मेलेला होता. कल्ले आणि हृदय पाहिलं आणि हात धुतले. खाण्यात काहीही बदल नाही. माळकरी घरातली आहे हे मी विसरलेली नाही, आणि इथे त्यावरून कोणी मला त्रासही देत नाही.

आता इथली एक गोष्ट सांगते, ती आजीला नीट वाचून दाखवा. इथे लोक पाखरांसाठी दाणे विकत आणतात. सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, चरबीचे गोळे, आणि वाळवलेल्या अळ्यासुद्धा! अळ्यांची पाकिटं दुकानात फळीवर मांडलेली असतात. शेजारच्या आजीबाई स्वतःसाठी स्वस्तातला पाव घेतात, पण पाखरांचे दाणे चुकवत नाहीत. जानेवारीच्या शेवटी, शनिवार-रविवारकडे, सगळ्या देशात लोक आपापल्या खिडकीत तासभर बसून पाखरं मोजतात. पक्षीरक्षण करणारी आरएसपीबी नावाची संस्था आहे, तिने १९७९ पासून हे चालवलंय. मोजायचेही नियम आहेत. अंगणात उतरलेलंच पाखरू धरायचं, वरून उडून गेलेलं नाही. तासाभराची बेरीज करायची नाही. एका वेळी जास्तीत जास्त जेवढ्या चिमण्या एकत्र दिसल्या, तेवढाच आकडा लिहायचा, कारण तीच चिमणी चारदा आली तर चार धरल्या जातील. मग तो आकडा संस्थेला कळवायचा. शिकलेली, न शिकलेली, म्हातारी, पोरं, सगळी हे करतात, आणि कोणाला एक पैसा मिळत नाही. यंदा मी त्या आजीबाईंच्या खिडकीत बसले होते. चिमण्या आल्या, अगदी आपल्याच ओसरीवरच्या जातीच्या. आपल्याकडे ज्वारी निसवली की आजी माळ्यावर गोफण घेऊन बसायची, तिला हे पटायचं नाही असं वाटलं होतं. पण मागे कणसं खाल्ली तेव्हा तीच म्हणाली होती, "पाखरंसले बी पोट शे." तेव्हा कदाचित पटेल.

आणि आप्पा, आपल्या सातपुड्याचं नाव इथल्या वर्गात निघालं. रानपिंगळा, ते छोटं घुबड. १८८४ मध्ये डेव्हिडसन नावाच्या साहेबाने आपल्या खान्देशात तो मिळवला, त्यानंतर तो कोणाला दिसलाच नाही. मधे मायनर्टझागेन नावाच्या एका लष्करी साहेबाने १९१४ ला गुजरातेत तापीकाठी मांडवीला मिळवल्याचं सांगितलं होतं. पुढे पामेला रासमुसेन या बाईंनी तपासून दाखवलं, की ते संग्रहालयातून चोरलेलं, पेंढा बदलून नवी चिठ्ठी लावलेलं डेव्हिडसनचंच पाखरू होतं. ती खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून त्या आणि त्यांचे सोबती जुन्या खऱ्या जागा शोधत निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, भर दिवसा, तो झाडावर बसलेला सापडला. ११३ वर्षांनी! सर शहादा हे नाव चुकीचं उच्चारत होते. मी हात वर करून सांगितलं, ते माझं गाव. वर्ग माझ्याकडे वळून बघायला लागला. चौथ्या वर्षीच्या प्रकल्पासाठी रानपिंगळा घेता येईल का असं मी विचारलंय. ठरलेलं नाही, पण ठरलं तर काम आपल्याच डोंगरात असेल.

आता पैशांचं. सर्जाची जोडी विकल्याचं मला जयूने सांगितलं. तिला रागावू नका. बैल म्हातारे झाले होते हे तुम्ही म्हणाल, पण ते किती वर्षांचे होते ते मला माहीत आहे. माझ्यासाठी आता काहीही विकायचं नाही. कर्जाचा हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षाने सुरू होतो, तोवर फक्त व्याज बघायचं. कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासच काम करायची परवानगी आहे, त्याहून जास्त मी करत नाही, म्हणून आईने अभ्यासाची काळजी करू नये. दादाच्या खात्यावर थोडे पैसे पाठवलेत. ते आजीच्या मोतीबिंदूसाठी आहेत, व्याजात भरू नका.

धुळ्याच्या स्थळाचं. मुलगा चांगला असेल, घरही चांगलं असेल. पण शिक्षण अर्धं टाकून मी येणार नाही, आणि "साखरपुडा तरी करून ठेवू" हेही नको. माझं उत्तर बदलणार नाही, आत्यालाही तसंच कळवा. मात्र माझ्यामुळे जयूचं थांबवू नका. मोठी असताना धाकटीचं कसं, असं लोक म्हणतील, चार दिवस म्हणतील. शिरपूरची मंडळी तिला पसंत आहे, तिने मला स्वतः सांगितलंय. आखाजीनंतरची तारीख धरा.

त्या सुमारास माझी परीक्षा आहे, आणि तिकिटाचे पैसे काढले तर पुढच्या सत्राला अडतं. म्हणून मला लग्नाला येता येणार नाही. हे मी जयूशी बोलले आहे. ती हसत "चालेल" म्हणाली, पण आई, तू तिच्याजवळ बस. हळदीला तिला माझी मोरपंखी साडी द्या, कपाटात वरच्या कप्प्यात आहे. ती आता तिचीच.

दादाला सांगा, बँकेतून व्याजाचा दाखला घेऊन फोटो पाठव. मार्चच्या आधी हवाय.

तुमची,
सुवर्णा