फॉक्सप्रोचा हिशेब आता पोस्टग्रेसवर न्या

संपादक महोदय,

चादर-टॉवेलच्या ज्या कारखान्यांचे आणि ज्या पतसंस्थांचे हिशेब अजून फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीवर चालतात, त्यांच्यासाठी हे पत्र.

मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची देखभाल जानेवारी 2015 मध्येच थांबवली. त्यात डेटाबेस सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या नोंदी एका जागी सांभाळणारा प्रोग्राम, नसतोच. प्रत्येक संगणक शेअर फोल्डरमधल्या डीबीएफ फाइलवर (फॉक्सप्रोच्या नोंदींच्या फाइलवर) थेट लिहितो. लिहिता लिहिता लाइट गेली की फाइलच्या सुरुवातीला असलेला नोंदींचा आकडा आणि प्रत्यक्षातल्या नोंदी जुळत नाहीत, नाहीतर इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची, बिघडतो. खातेदार फाइलमध्ये असतो, यादीत दिसत नाही. रीइंडेक्स केले, म्हणजे ती सूची नव्याने बांधली, की दिसतो, आणि सगळे पुन्हा निर्धास्त!

पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर आहे; तो प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) लिहितो, मग टेबलात. त्यामुळे वीज गेली तरी पुरा झालेला व्यवहार टिकतो, अर्धवट राहिलेला आपोआप रद्द होतो. परवान्याला पैसे पडत नाहीत. प्रोग्राम नव्याने लिहून घ्यावा लागतो, तो खर्च मात्र आहे आणि तो लहान नाही.

डेटा नेताना काही गोष्टी हमखास नडतात. फॉक्सप्रोत डिलीट केलेली नोंद पॅक करेपर्यंत (फाइल साफ करेपर्यंत) फाइलमध्येच असते; ती गाळली नाही तर बंद झालेली खाती पुन्हा उगवतात. रिकाम्या तारखा नल, म्हणजे ‘माहिती नाही’, म्हणून घ्या. नावांच्या शेवटची मोकळी जागा ट्रिम करा. रकमेला न्यूमेरिक (14,2) हा अचूक दशांशाचा प्रकार द्या, अंदाजे आकडा ठेवणारा फ्लोट कदापि नको. व्याजात पैशापैशाचा फरक पडत जातो.

सर्वांत किचकट काम मराठी नावांचे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना पहिली वेलांटी आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. कन्व्हर्टर ‘सिद्धेश्वर’ आणि ‘कुर्डुवाडी’ नीट आणतो का, ते आधी पाहा. त्यानंतरही खातेदारांची यादी छापून एका माणसाने डोळ्यांखालून घालायलाच हवी.

मार्चअखेरच्या धामधुमीत हे काम काढू नका. एप्रिलमध्ये महिनाभर दोन्हीकडे नोंदी करा, रोज संध्याकाळी तेरीज जुळवा. बॅकअप पोस्टग्रेसच्याच पीजी-डंप या साधनाने रोज रात्री घ्या; त्यासाठी काम थांबवावे लागत नाही. तोच बॅकअप महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून शिल्लक ताडून पाहा. आणि पोस्टग्रेसचे 5432 हे पोर्ट इंटरनेटला उघडे ठेवू नका.

– संगणक प्रणालींची देखभाल करणारे, सोलापूर