खर्जाची तार ऐकू यायला हवी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

अण्णांना गाणं ऐकायला हॉलमध्ये कोणते स्पीकर घ्यावेत, असं विचारलंस. तू पाठवलेले फोटो पाहिले, हॉलचं मापही मिळालं. फोनवर सांगितलं असतं, पण यात आकडे बरेच आहेत. दुकानात उभा राहशील तेव्हा ते हाताशी असलेले बरे, म्हणून लिहूनच काढतो. 10 बाय 12 फुटांचा हॉल, खाली चकचकीत टाइल्स, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, अण्णांना शास्त्रीय गायन आणि संध्याकाळच्या बातम्या, खर्च 35 हजारांच्या आत. चिपळूणची दमट हवा धरून एवढी माहिती पुरे.

आधी त्या '1000 वॉट'च्या होम थिएटरचा विषय संपवू. खोक्यावरचा तो आकडा पीएमपीओ जातीचा असतो, म्हणजे आवाज कितीही फाटला तरी क्षणभरासाठी धरलेला. मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत तो डबा भिंतीतून किती वीज घेतो ते छापलेलं असतं. 60 वॉट घेणारा डबा 1000 देणार कुठून? शिवाय अशा सेटचा सबवूफर, म्हणजे खोल सुरांचा वेगळा डबा, एकाच सुरावर धमधमतो. सिनेमातला स्फोट त्याला जमेल. डग्ग्यावर तळवा दाबून 'घे'चा सूर वर सरकवला, तर सबवूफर मात्र एकाच जागी अडकून बसतो.

आपलं गणित अण्णांच्या ऐकण्यावरून मांडू. गायक काळी एकमध्ये गात असेल, तर त्याचा मध्य सा साधारण 139 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 139 कंपनं. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा त्याच सुरात आणि खर्जाची तार बरोबर निम्म्यावर, 69 हर्ट्झला. गायिका काळी चारमध्ये असेल तर सा 208 आणि खर्ज 104. म्हणजे स्पीकर 65 हर्ट्झपर्यंत धड उतरला की आपलं काम झालं. मोबाइलवरही खर्ज ऐकू येतो असं वाटतं, ते त्या तारेतून उमटणाऱ्या वरच्या स्वरांमुळे. मूळ सूर फोनच्या टिचभर स्पीकरमधून निघतच नाही, कान तो मनाने भरून घेतो. सूर कळतो, वजन जातं. तंबोरा खोलीत ठेवल्यासारखा वाटतो की भिंतीवर चिकटवल्यासारखा, हा फरक या 69 हर्ट्झचा आहे.

म्हणून वूफर, म्हणजे स्पीकरमधला खालच्या सुरांचा मोठा पडदा, 5 ते साडेसहा इंचांचा घे. 4 इंची टेबलावर, कॉम्प्युटरशेजारी ठीक. हॉलमध्ये त्याची दमछाक होते. कागदावर '55 हर्ट्झ' लिहिलेलं असेल तर पुढे 'उणे-अधिक 3 डेसिबल' (डेसिबल म्हणजे आवाजाच्या जोराचं माप) लिहिलंय का बघ. ते नसेल तर उणे 10 डेसिबलला, म्हणजे आवाज कानाला निम्मा वाटायला लागल्यावर, मोजलेला आकडाही असू शकतो.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा. 1 वॉटला 1 मीटरवर किती डेसिबल, ते. हल्ली मोजणी बहुधा 2.83 व्होल्टला करतात. 8 ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचं माप) स्पीकरला ते 1 वॉट होतं, पण 4 ओहमच्या स्पीकरला 2 वॉट, म्हणजे त्याला 3 डेसिबल फुकट मिळाले. 4 ओहमवाल्याचे 88 हे खरं तर 85 समज.

नावं दोन-तीनच देतो. व्हार्फडेल डायमंड 12.1 हा 5 इंची, 88 डेसिबल, 8 ओहम. गळ्यासाठी मला सगळ्यात आधी हाच सुचतो. एलॅक डेब्यू बी5.2 सव्वापाच इंची, 86 डेसिबल, 6 ओहम. खाली जास्त उतरतो, पण ॲम्पकडून, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या डब्याकडून, थोडं जास्त मागतो. ॲम्प आतच असलेला एडिफायरचा आर1280डीबी सोपा आणि स्वस्त आहे, ब्लूटूथ आणि ऑप्टिकल (टीव्हीचा आवाज प्रकाशाच्या वायरने घ्यायची सोय) दोन्ही आहे, पण वूफर 4 इंची. शिवाय अशा जोडीत ॲम्पचं सर्किट एकाच डब्यात असतं. ते गेलं की दोन्ही स्पीकर मुके, आणि दुरुस्तीला खोकं बांधून मुंबईला पाठवायचं. तुझ्यासाठी साधे पॅसिव्ह, म्हणजे आत ॲम्प नसलेले स्पीकर आणि वेगळा ॲम्प हेच बरं. 35 मधले 20-22 स्पीकरवर घाल, 8-9 ॲम्पवर, उरलेल्यात स्टँड आणि वायर.

आता ॲम्प किती वॉटचा? 88 डेसिबलचा स्पीकर, अण्णांची जागा अडीच मीटरवर. अंतरामुळे 8 डेसिबल गेले, दोन स्पीकर आहेत म्हणून 3 परत आले. म्हणजे प्रत्येकी 1 वॉटला 83 डेसिबल, आणि घरात तेवढ्यात वहिनी 'कमी करा' म्हणतील. तान वर गेली किंवा सम जोरात आली की 10-12 डेसिबल जास्त लागतात, त्याला 16 वॉट. खरे 30 वॉट असले तरी पुष्कळ.

'खरे' म्हटलं त्याची मेख ॲडॅप्टरमध्ये आहे. बाजारातले छोटे क्लास डी (कमी तापणाऱ्या जातीचे) ॲम्प बहुतेक टीपीए3116 नाहीतर टीपीए3255 या चिपवर असतात. सूत्र सोपं आहे: ॲडॅप्टरच्या व्होल्टचा वर्ग, भागिले ओहमची दुप्पट. 24 व्होल्ट आणि 8 ओहम धरले तर 576 भागिले 16, म्हणजे 36 वॉट. न फाटता यापेक्षा जास्त निघूच शकत नाही, डब्यावर '100 + 100' छापलेलं असलं तरी. 19 व्होल्टचा जुना लॅपटॉप ॲडॅप्टर लावलास तर 22च्या आसपास. 3116 ला 26 व्होल्टच्या वर चढवायचं नाही, ती चिपची हद्द आहे. तुला 24 व्होल्ट, साडेचार अँपिअरच्या ॲडॅप्टरवरचा 3116 पुरतो. 32 किंवा 48 व्होल्टवरचा 3255 मिळाला तर आरामच. दोन गोष्टी मात्र असायलाच हव्यात, ऑप्टिकल इनपुट आणि रिमोट. अण्णा दर वेळी उठून बटण फिरवणार नाहीत. आवाज फाटायला लागला की लगेच कमी करायचा, हे घरात सगळ्यांना सांग. फाटलेल्या आवाजात वरच्या पट्टीची ताकद वाढते आणि आधी जळतो तो नाजूक ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा पडदा.

वायरवर पैसे उधळू नकोस. दीड स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची दोन पदरी वायर घे. पाच मीटरच्या जोडणीत जाऊन-येऊन 10 मीटर तांबं होतं, त्याचा रोध जेमतेम 0.12 ओहम. 8 ओहमपुढे तो काहीच नाही. फक्त तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम गळ्यात पडणार नाही हे बघ. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडायची. आत पांढरी निघाली तर परत. तुमच्या दमट हवेत ती टोकाला लवकर काळी पडते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत मीटरवर मिळेल.

जोडताना टोकाचं 12 मिलिमीटर आवरण काढ, तारा घट्ट पिळ आणि एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकू देऊ नकोस. टेकली तर ॲम्प प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो. पडला तर नशीब, नाहीतर चिपच जाते. लाल ते लाल, काळं ते काळं. भिंतीमागून आलेल्या वायरचा पदर ओळखू येत नसेल तर ॲम्पकडची टोकं मोकळी करून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लाव. वूफरचा पडदा पुढे आला तर सेलच्या अधिक टोकाला लागलेला पदर स्पीकरच्या लाल टर्मिनलचा. शेवटची खात्री बातम्यांवर कर. निवेदिकेचा आवाज दोन्ही स्पीकरच्या मधोमध, टीव्हीतून आल्यासारखा वाटला पाहिजे. तो हवेत पसरलेला आणि पोकळ वाटला, खालचा सूर गायब झाला, तर एका बाजूची वायर उलटी लागली आहे. स्पीकर खराब म्हणून परत पाठवण्याआधी हे एकदा बघच.

यापुढचं काम एक रुपयाचंही नाही आणि फरक सगळ्यात मोठा याचाच पडतो. नाव बुकशेल्फ असलं तरी हे स्पीकर पुस्तकांच्या कपाटात कोंबायचे नसतात. मागे पोर्टचं, म्हणजे हवा जाण्या-येण्याचं भोक असेल तर आवाज कपाटात घुमतो आणि पुरुषाचा गळा मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा होतो. टीव्ही युनिटवरही नको, ट्विटर गुडघ्याशी येतो. बसल्यावर कान जमिनीपासून 95 सेंटिमीटरच्या आसपास असतो, ट्विटर तिथे आला पाहिजे. फूटभर उंच स्पीकरला 65 ते 70 सेंटिमीटरचा स्टँड लागतो. गावातल्या फॅब्रिकेटरकडून दोन इंची चौकोनी पाइपचा करून घे आणि पाइपात वाळू भर. वाळू चाळून, उन्हात खडखडीत वाळवलेली हवी, ओली राहिली तर पाइप आतून गंजतो. स्टँड आणि स्पीकरच्या मध्ये सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे ठेवलेस की झालं.

टीव्ही 10 फुटांच्या भिंतीवर आहे, ते सोयीचं. स्पीकर एकमेकांपासून 6 फुटांवर ठेव, तोंड किंचित आत वळव. स्पीकरमागच्या, म्हणजे टीव्हीच्या भिंतीपासून 15-20 सेंटिमीटर सोड. 'स्पीकर खोलीत चांगले पुढे ओढा' असं तुला कोणीतरी सांगेलच. मोठ्या खोल्यांसाठी ते ठीक आहे. तुझ्याकडे स्पीकरचं तोंड भिंतीपासून 4 फुटांवर आलं, तर भिंतीवर आपटून परतलेला सूर 70 हर्ट्झला मूळ सुराला खातो. म्हणजे नेमकी आपली खर्जाची तार.

सोफा मात्र भिंतीपासून दीड फूट पुढे घे, वहिनींना पटलं तर. 12 फुटांच्या लांबीत 47 आणि 94 हर्ट्झला आवाज फुगतो, आणि तो फुगवटा भिंतीलगत सर्वांत जास्त असतो. डग्गा बोजड वाटायचं ते कारण. खोलीच्या बरोबर मध्यावरही बसू नये, तिथे 47 गायबच होतो. इंच-इंच सरकवून बघायचं असेल तर तंबोऱ्याचं ॲप काळी एकवर लावून सोफ्यावर बस आणि दुसऱ्या कोणाला तरी स्पीकर हलवायला सांग. खर्ज बाकीच्या तारांच्या जोडीने, ना फुगलेला ना बुडालेला ऐकू आला की जमिनीवर खडूने खूण करून टाकायची.

रिकाम्या हॉलमध्ये एक टाळी वाजव. मागे 'टर्र' असा आवाज राहिला तर समोरासमोरच्या भिंती तो एकमेकींकडे फेकताहेत. स्पीकर आणि सोफ्याच्या मध्ये जाड सतरंजी, खिडकीला जड पडदा, सोफ्यामागे पुस्तकांचं कपाट, एवढ्याने तो बराच बसतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकून सोडून दे.

टीव्हीला ऑप्टिकल वायरने जोड. ब्लूटूथवर आवाज ओठांच्या मागे पडतो. जोडल्यावर काहीच ऐकू आलं नाही तर टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम', म्हणजे साध्या डिजिटल आवाजावर कर. डॉल्बीचा सिग्नल या छोट्या ॲम्पना उलगडत नाही. गाणं मोबाइलवरून ब्लूटूथने लावलं तरी चालेल. सेट-टॉप बॉक्स साध्या आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांच्या) वायरने जोडलास आणि 'हूं' असा गुरगुराट आला, तर बॉक्सला बाहेरून येणारी केबल काढून बघ. थांबला तर अर्थिंग दोन वाटांनी फिरतंय. ऑप्टिकल वायरमधून वीजच जात नसल्यामुळे तिथे हा त्रास होत नाही. प्लगची अर्थ पिन काढून हा आवाज घालवायचा उपाय काही इलेक्ट्रिशियन सुचवतात. तो करायचा नाही.

पावसाळ्याचं एवढंच: फरशी पुसताना स्पीकरच्या तळाला पाणी लागू देऊ नकोस, डब्याचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) फुगला की पुन्हा बसत नाही. गडगडाट सुरू झाला की ॲडॅप्टर प्लगमधूनच काढायचा. सेकंडहँड जोडी घेणार असशील तर वूफरच्या कडेची गोल पट्टी बोटाने दाबून बघ. रबर असेल तर उत्तम. फोम असेल आणि बोटाला चिकट भुगा लागला, तर ती पट्टी बदलावी लागणार. पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा, हलकेच आत ढकल. खरखर जाणवली तर कॉइल घासतेय, घेऊ नकोस.

दुकानात दोन जोड्या ताडून बघताना दोन्हींचा आवाज मोबाइलच्या मीटरवर सारखा करून घे. एक डेसिबलने मोठा असलेला स्पीकर नेहमी 'जास्त स्वच्छ' वाटतो, आणि विकणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. अण्णांच्या ओळखीचं गाणं ने, आणि त्यांनाही ने.

ॲम्प कुठे ठेवणार आहेस ते ठरव आणि तिथून दोन्ही स्पीकरपर्यंत भिंतीच्या कडेकडेने किती मीटर होतात ते मोजून कळव. अण्णांना आणि वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद

ता. क. तुझा मेहुणा दिवाळीला अमेरिकेहून येताना सामान आणतो म्हणाला होतास. स्पीकर पॅसिव्ह असतील तर खुशाल आणू दे, त्यांना भिंतीतली वीज लागतच नाही. ॲम्प किंवा ॲम्पवाले स्पीकर असतील तर लेबलवर '100–240 व्होल्ट' आहे का, ते त्याला तिथेच वाचायला सांग. नुसतं 120 असेल तर आपल्या 230 वर पहिल्याच दिवशी धूर निघेल.