अर्धा बाबांचा, अर्धा आईचा

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी आईने दबक्या आवाजात विचारले की, आम्ही राहायला आलो त्या गावात म्हणे एका मुलीचा खून झाला होता, आणि लगेच बाबांनी फोन घेऊन दाराला आतून कडी लावत जा एवढेच सांगितले. त्या रात्री तुम्हा दोघांनाही झोप लागली नसणार, हे मला इथे बसून कळते. म्हणून त्या प्रकरणाची हकीकत नीट लिहून पाठवते आहे, आणि त्याच प्रकरणामुळे मी घेतलेला एक निर्णयही कळवते आहे, कारण तो तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळला असता तर वाईट वाटले असते. मी माझा डीएनए तपासून घेतला, त्याची माहिती जीईडीमॅच या वंशावळी जुळवणाऱ्या संकेतस्थळावर ठेवली आणि इथल्या पोलिसांना खून, बलात्कार व बेवारस मृतदेहांच्या तपासात तिच्याशी तुलना करण्याची मुभा दिली. हे सारे होऊन गेले आहे. तो डीएनए अर्धा बाबांचा आणि अर्धा आईचा असल्यामुळे तुमचे मन समजावणे मला माझे कर्तव्य वाटते.

आयडाहो फॉल्स हे अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातले, स्नेक नदीच्या काठचे आमचे हे गाव खून झाला त्या वेळी जेमतेम पन्नास हजार वस्तीचे होते. अँजी डॉज ही अठरा वर्षांची मुलगी नुकतीच आईपासून वेगळी, आय स्ट्रीटवरच्या भाड्याच्या खोलीत राहू लागली होती. 13 जून 1996 रोजी तिथेच तिच्यावर बलात्कार झाला आणि तिला भोसकून मारण्यात आले. मारेकऱ्याचा डीएनए जागेवर सापडला आणि तो जपूनही ठेवला गेला. बाबा, तुम्ही इतकी वर्षे कोर्टात मुद्देमालाचे रजिस्टर सांभाळलेत, त्यामुळे या एका वाक्याचे मोल तुम्हाला मी सांगायला नको. पुढे जे काही झाले ते त्या जपून ठेवलेल्या मुद्देमालामुळे झाले.

पण त्याआधी एका निरपराध माणसाचे आयुष्य गेले. 1997 च्या सुरुवातीला ख्रिस्तोफर टॅप या वीस वर्षांच्या मुलाला पोलिसांनी पुन्हा पुन्हा चौकशीला बसवले, खोटे पकडण्याच्या यंत्राला जोडले, कधी माफीचे आमिष दाखवले तर कधी मृत्युदंडाची भीती घातली, आणि अखेर त्याच्या तोंडून कबुलीजबाब काढला. त्याचा डीएनए जागेवरच्या डीएनएशी जुळत नव्हता, तरी मारेकरी एकापेक्षा अधिक असावेत असे म्हणून 1998 मध्ये त्याला दोषी ठरवले गेले. हे वाचताना मला बाबांचे ते पुरावा कायद्यातले कलम 25 आठवले, जे तुम्ही मला शाळेत असतानाच पाठ करून घेतले होते: पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. आता नव्या साक्ष अधिनियमात ते कलम 23 झाले आहे, पण तत्त्व तेच आहे. इथे तशी तरतूद असती तर टॅपची वीस वर्षे वाचली असती, असे मला मनापासून वाटते.

आणि आई, तुझ्यासाठी मला जे लिहायचे आहे ते अँजीच्या आईबद्दल, कॅरल डॉज यांच्याबद्दल. सुरुवातीला त्यांनाही टॅपच दोषी वाटत होता. मात्र पुढे त्यांनी त्याच्या चौकशीच्या चित्रफिती बसून पाहिल्या, त्याच्या तोंडात शब्द कसे घातले गेले ते त्यांच्या ध्यानात आले, आणि ज्याला त्या लेकीचा मारेकरी समजत होत्या त्याच्याच सुटकेसाठी त्या उभ्या राहिल्या. स्वतःचे दुःख एवढे मोठे असताना दुसऱ्याच्या मुलावरचा अन्याय दिसणे, हे किती माणसांना जमेल? 2017 मध्ये टॅप तुरुंगाबाहेर आला, पण तडजोडीने. खुनाचा शिक्का कपाळावर तसाच राहिला होता.

खरा मारेकरी सापडला तो 2019 च्या मे महिन्यात. सीसी मूर या वंशावळतज्ज्ञ बाईंनी जागेवरच्या जुन्या, खराब होत चाललेल्या डीएनएवरून मारेकऱ्याचे दूरचे नातलग जीईडीमॅचवर शोधले. ज्यांनी स्वतःची माहिती तिथे आपणहून ठेवली होती अशा अनोळखी माणसांच्या पणजोबा-खापरपणजोबांपर्यंत जाऊन, तिथून पुन्हा खाली येत त्यांनी कुटुंबाची एक फांदी निश्चित केली. बाबा दर उन्हाळ्यात आपल्या कुलवृत्तांताचे कागद जमिनीवर पसरून, चष्मा कपाळावर चढवून चुलत घराण्यांच्या शाखा जुळवत बसतात, तसेच हे काम आहे. फरक एवढाच की आपल्या कुलवृत्तांतात लेकी लग्न होऊन गेल्या की त्यांची ओळ संपते, आणि डीएनए मात्र आईकडची बाजूही तितक्याच निष्ठेने मोजतो. पोलिसांनी संशयिताने फेकलेले सिगारेटचे थोटूक उचलले आणि डीएनए जुळला. ब्रायन ड्रिप्स हा माणूस खुनाच्या वेळी अँजीच्या घरासमोरच राहत होता, आणि खुनानंतर काही दिवसांतच पोलीस त्याच्याशी बोलूनही गेले होते! त्याने गुन्हा कबूल केला, आणि या वेळी कबुलीच्या मागे डीएनएचा आधार होता. 17 जुलै 2019 रोजी टॅपला न्यायालयाने निर्दोष ठरवले, तर 2021 मध्ये ड्रिप्सला जन्मठेप झाली. टॅपला पुढे शहराकडून 1 कोटी 17 लाख डॉलर भरपाई मिळाली, पण ती फार काळ त्याच्या नशिबी नव्हती. 2023 मध्ये तो गेला.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवणार नाही, कारण बाबा ती नेमकी शोधून काढतील. 2014 मध्ये याच प्रकरणात पोलीस न्यू ऑर्लिन्सच्या एका तरुण चित्रपट दिग्दर्शकापर्यंत पोचले होते, कारण त्याच्या वडिलांनी पूर्वी एका वंशावळ प्रकल्पाला दिलेला नमुना मारेकऱ्याच्या नमुन्याशी बराच जुळत होता. तो मुलगा निर्दोष होता आणि तपासणीनंतर मोकळा झाला, पण महिनाभर त्याच्या घरच्यांच्या जिवाला घोर लागला असणारच. त्या वेळची पद्धत पुरुषाकडून पुरुषाकडे जाणाऱ्या गुणसूत्रावरच्या 35 खुणा तपासत असे, तर आताच्या पद्धतीत लाखो खुणा पाहतात, आणि जुळणी मिळाली तरी प्रत्यक्ष माणसाचा नमुना घेतल्यावाचून अटक करणे योग्य मानत नाहीत. त्यामुळे धोका संपला असे मी म्हणत नाही, पण तो खूप कमी झाला आहे, असे मला विचारांती वाटते.

तुमचे नाव, पत्ता, जन्मतारीख यांतले काहीही मी तिथे दिलेले नाही. माझेही खरे नाव नाही. टोपणनाव आहे आणि त्यासाठी वेगळा ई-मेल पत्ता उघडला आहे. तुलना करणाऱ्याला ते टोपणनाव, तो ई-मेल पत्ता आणि डीएनए कुठे व किती जुळतो, म्हणजे नाते किती जवळचे असावे, एवढे दिसते. कुणाला कोणता आजार आहे हे त्याच्या हाती लागत नाही, म्हणजे आईचे गुडघे आणि बाबांचा रक्तदाब आपल्या घरातच राहतील. इथल्या 2008 च्या कायद्याप्रमाणे आरोग्य विमा किंवा नोकरी यांसाठी अशी माहिती कुणाला वापरता येत नाही. आयुर्विम्याला तो कायदा लागू नाही, म्हणून आम्ही आमची पॉलिसी आधीच उतरवून घेतली आहे. पुढेमागे तुम्हाला फारच अस्वस्थ वाटले तर मी ती माहिती काढून टाकू शकते.

मग हे करायचेच कशाला, असे आई विचारेल. या संग्रहांत बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे आणि आपल्यासारख्यांची फार थोडी. उद्या इथे आपल्याकडच्या एखाद्या मुलीचा किंवा मुलाचा बेवारस मृतदेह सापडला, तर त्याचे नातलग शोधायला संग्रहात कुणी नसेल. अमेरिकेत दरवर्षी सुमारे 4400 अनोळखी मृतदेह सापडतात, आणि त्यांतल्या हजारएक जणांची ओळख वर्ष उलटले तरी पटत नाही. आपल्या वरच्या आळीतल्या, ज्यांच्या घरचे माणूस बेपत्ता झाले होते त्या काकू आठवतात ना? त्या दिवाळीचा फराळ घेऊन यायच्या आणि डबा खाली ठेवण्याआधी बाबांना विचारायच्या, “भाऊसाहेब, काही कळलं का हो?” बाबा काही न बोलता त्यांना पाट द्यायचे. मी तुमच्या मागे उभी राहून तुमच्या धोतराचा सोगा धरलेला असायचा, आणि काकू गेल्यावर तुम्ही मला उचलून उगाचच बराच वेळ कडेवर ठेवायचात. त्या काकूंना शेवटपर्यंत उत्तर मिळाले नाही. कॅरल डॉज यांना तेवीस वर्षांनी मिळाले, ते अनोळखी माणसांनी आपली माहिती माझ्यासारखीच तिथे ठेवली होती म्हणून.

आपल्याच रक्ताचा कुणी लांबचा माणूस यात सापडला तर, ही शंका बाबांच्या मनात येईल. मला ती आली होती. तसे झाले तर आपल्या घराला दुःख होईल, पण ज्या घरातली मुलगी गेली त्या घरापेक्षा ते मोठे नसेल. तुम्ही मला याहून वेगळे शिकवलेले नाही.

आता माझे ऐका. रात्री जेवणानंतर खुनांच्या बातम्या आणि त्या मालिका दोघांनीही पाहायच्या नाहीत. बाबांची गोळी साडेनऊला, आणि दहाला दिवा बंद. तुमच्या मुलीचा डीएनए गुन्ह्यात सापडला आहे, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केले आहे, असा फोन किंवा व्हिडिओ कॉल आला, तर समोरचा माणूस गणवेशात असला तरी फोन बंद करायचा, एक रुपयाही पाठवायचा नाही, आधी मला आणि मग 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवायचे. पोलीस अशी अटक फोनवर करत नाहीत, हे बाबांना ठाऊक आहे. आईने मात्र ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवावे. कुणीही ओळखीचा आला आणि तुमच्या लाळेचा नमुना मागू लागला तरी द्यायचा नाही. माझा दिला आहे तेवढा पुरे.

आणि आई, तुझ्या आजोळच्या नावांची यादी कुठेच लिहिलेली नाही. पणजीचे माहेर कोणते, तिच्या बहिणी कुठल्या गावी दिल्या, जेवढे आठवेल तेवढे एका वहीत लिहून ठेव. येत्या रविवारी फोनवर मी ते उतरवून घेईन. बाबांनी मध्ये बोलून तिला घाई करू नये.

तुमची,
छोटी